बधिरपणाचं शून्य: गुंतागुंतीचा आघात, डिसोसिएशन आणि ईएमडीआर

एका थेरपिस्टचा प्रश्न थोडक्यात असा: ईएमडीआरचं, म्हणजे डोळ्यांच्या डाव्या-उजव्या हालचाली किंवा थापा यांच्या साथीने आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या थेरपीचं, बेसिक ट्रेनिंग होऊन वर्ष झालं. तिशीतली, नोकरी करणारी एक क्लायंट आहे. लहानपणी घरातच अनेक वर्षं मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाले. चौथ्या सेशनला तिची एक आठवण घेतली. डोळ्यांच्या हालचालींच्या दुसऱ्या सेटनंतर ती एकदम शांत झाली. शून्य ते दहामध्ये त्रास किती, असं विचारल्यावर म्हणाली, ‘शून्य’. सेशन चांगलं झालं असं वाटलं. पुढचा दीड दिवस तिला आठवत नाही आणि हातावर ब्लेडच्या खुणा आहेत. माझं काय चुकलं? ईएमडीआर थांबवू का?

आधी तिच्याबद्दल, ईएमडीआरबद्दल नंतर. जखमा डॉक्टरांना दाखवल्या का? मरून जावंसं वाटतं का, हे तिला सरळ शब्दांत विचारलंत का? तिची परवानगी घेऊन तिच्या मनोविकारतज्ज्ञांना हे कळवलंत का? यातलं काही राहिलं असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते करा. दीड दिवसाचा हिशेब लागत नाही म्हटल्यावर एकदा न्यूरॉलॉजिस्टलाही दाखवायला सांगा. फिट्सचे काही प्रकार आणि डिसोसिएशन (मनाचं आत्तापासून, शरीरापासून किंवा आठवणींपासून तुटणं) बाहेरून सारखे दिसतात. झोपेच्या गोळ्यांनी आणि दारूनेही तास पुसले जातात. कारण मनातच आहे असं आपण परस्पर ठरवून टाकायचं नाही.

आता त्या शून्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. आठवण खरोखर निवली की माणूस सैल होतो. मोठा श्वास येतो, तो खुर्चीत सरसावून बसतो, पाणी मागतो, पुष्कळदा स्वतःहून काहीतरी बोलतो: ‘किती लहान होते हो मी.’ दुसरं शून्य बधिरपणाचं असतं. चेहरा कोरा होतो, नजर तुमच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागते, पापण्या फडफडतात नाहीतर लवतच नाहीत. इतका वेळ ओढणीच्या काठाशी चाळा करणारी बोटं थांबलेली असतात, आवाज सपाट असतो. तिथे त्रास नसतो, कारण ज्या बाईला त्रास व्हायचा तीच खोलीत नसते. ऐकायला दोन्ही शून्यं सारखीच. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका मुलीचं असं शून्य लिहून घेतलं आणि पुढच्या टप्प्यावर गेले. ती जिना उतरून खाली गेली आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना. त्या भल्या माणसाने तिला वर आणून सोडलं. तेव्हापासून आकडा ऐकला की मी पायांकडे बघते. टेकलेत का, बोटं हलतात का.

तुमचं तंत्र चुकलं नसावं. जे तंत्र शिकवलं गेलं त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती या क्लायंटच्या बाबतीत खरी नव्हती. फ्रान्सिन शापिरो यांना ईएमडीआरची कल्पना १९८७ मध्ये सुचली, १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास छापून आला आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकारासाठी, ईएमडीआरची शिफारस केली. या सगळ्याच्या मुळाशी दुहेरी लक्ष आहे: एक पाय त्या आठवणीत, एक पाय या खोलीत. डोळे हलवताना कार्यस्मृतीवर (आत्ता डोक्यात धरलेलं सांभाळणाऱ्या स्मृतीवर) ताण येतो आणि आठवणीचा जाच कमी होतो, असं एक स्पष्टीकरण आज बरंच मान्य आहे. पण त्यासाठी दुसरा पाय या खोलीत असावा लागतो. एकच अपघात झालेल्या, आधी घडी नीट बसलेल्या माणसाचा तो असतो. ज्या मुलीने आठव्या वर्षापासून जगण्याची युक्तीच ‘इथे नसणं’ ही शोधली, तिला आठवणीजवळ नेलं की तिचं मन ती जुनी युक्ती वापरणारच. ते तिचं अपयश नव्हे, आणि थेरपीला केलेला विरोधही नव्हे. डिसोसिएटिव्ह विकार असेल तर नेहमीची पद्धत जशीच्या तशी वापरू नका, हा इशारा शापिरो यांच्या १९९५ च्या मूळ पाठ्यपुस्तकातही होता. लहान ट्रेनिंगांमध्ये तो एका स्लाइडपुरता उरतो, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून पहिला बदल इतिहास घेण्यात करा. डीईएस ही डिसोसिएशन मोजणारी २८ प्रश्नांची प्रश्नावली बर्नस्टाइन आणि पुटनम यांनी १९८६ मध्ये दिली. सरासरी ३० च्या वर गेली तर सविस्तर तपासणी करायची, हा नेहमीचा संकेत. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण स्वतःपासूनच लपवण्याची सवय असलेला माणूस कागदावरही लपवतो. मला आकड्यापेक्षा त्यानंतरच्या गप्पांतून जास्त कळतं. ‘तुम्हाला डिसोसिएशन होतं का’ याला कोणी हो म्हणत नाही. ‘कधी असं होतं का, की बसमध्ये चढल्याचं आठवतं आणि एकदम उतरल्यावरचं आठवतं, मधलं काहीच नाही?’ असं विचारलं की समोरची व्यक्ती चमकते. कपाटात आपण न घेतलेले कपडे सापडतात का? कोणी म्हणतं का, की काल तू फोनवर असं बोललीस, आणि तुम्हाला पत्ताच नाही? आरशात बघताना परकं वाटतं का? डोक्यात भांडणं चालतात का, आणि तो आवाज कोणाचा वाटतो? हे सगळं एका बैठकीत उरकू नका. प्रश्न विचारतानाच ती हरवू लागली तर तेच तुमचं उत्तर, तिथेच थांबा.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी विचारावी लागते. अंगात येणं. देवीच्या दारात, ठरल्या वारी, लोकांच्या साक्षीने कोणाच्या अंगात येत असेल, आणि त्याने तिला त्रास होत नसेल, उलट चार लोकांत मान मिळत असेल, तर त्याला आजार म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतसुद्धा स्वीकारलेल्या सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रथेचा भाग असलेली अवस्था विकारातून वगळलेली आहे. पण नको असताना, कुठेही, कधीही होत असेल आणि नंतर आठवत नसेल, तर हळुवारपणे चौकशी करा. ‘ते खरं असतं का’ यात शिरू नका. ‘ते येण्याआधी घरात काय झालेलं असतं?’ एवढं विचारा. एका बाईच्या बाबतीत दर वेळी नवऱ्याची गाडी फाटकाशी थांबल्याचा आवाज आलेला असायचा.

निदानाचं थोडक्यात. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे वेगळं निदान आहे: पीटीएसडीची लक्षणं, शिवाय भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल पक्कं वाईट मत आणि नाती टिकवण्यातली अडचण. त्यात दिवस कोरे जाणं आणि आत वेगवेगळे ‘भाग’ (आपापलं वय, भावना आणि आठवणी असलेले मनाचे तुकडे) असणं मिसळलं, की डिसोसिएटिव्ह विकारांच्या दिशेने विचार करावा लागतो. तुमची क्लायंट तिकडे झुकलेली दिसते, पण हे मी लांबून सांगते आहे.

तयारीचा टप्पा सगळ्यात जास्त बदलावा लागतो. ट्रेनिंगमध्ये क्लायंटला मनात ‘सुरक्षित जागा’ आणायला लावणं शिकवतात. ज्या व्यक्तीला घरातच छळलं गेलं, तिच्यासाठी हा शब्दच धोक्याचा. माझ्याकडे एकीने आजोळचं अंगण निवडलं. तुळस, सारवलेली जमीन, आजीचा आवाज. आम्ही दोन छोटे सेट घेतले आणि त्या अंगणाच्या कडेला, ज्याने छळलं तोच मामा उभा राहिला. आता मी ‘सुरक्षित’ म्हणतच नाही. ‘जरा बरं वाटतं अशी कुठली जागा?’ असं विचारते. तिनेच पुढे शोधलं: एसटीची खिडकी. हातात तिकीट, गाडी सुटलेली, गाव मागे जातंय. थांबलेल्या जागेत तिला कोणीतरी गाठू शकत होतं, चालत्या गाडीत नाही. ते चित्र मनात धरून डाव्या-उजव्या अशा चार-सहा संथ थापा, मग थांबायचं आणि विचारायचं, ‘अजून चांगलंच आहे ना?’ अशी आधाराची चित्रं, म्हणजे संसाधनं, पक्की करताना सेट लांबवले की मन आपसूक आघाताकडे घसरतं, म्हणून लहान आणि संथ. थापा तिच्या तिनेच द्यायच्या, हात छातीवर फुलपाखरासारखे ठेवून किंवा स्वतःच्या गुडघ्यांवर. लुसिना आर्तिगास यांनी मेक्सिकोत वादळानंतर मुलांबरोबर काम करताना बसवलेली ही फुलपाखराची रीत आपल्याकडेही छान चालते. क्लायंटच्या गुडघ्यांवर आपण थापा मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, परवानगी घेतली तरीही. ज्यांना ‘नको’ म्हणू दिलं गेलं नाही, त्यांचा ‘हो’ तपासायला वेळ लागतो.

या टप्प्यावर मला सगळ्यात उपयोगी पडली ती जिम नाइप यांची साधी मोजपट्टी. हात पुढे लांब केला म्हणजे ‘मी पूर्ण इथे आहे’. बोट डोक्याच्या मागे गेलं म्हणजे ‘मी इथे नाहीच’. कुठे आहात, बोटाने दाखवा, असं अधूनमधून विचारायचं. शब्द हरवलेल्या माणसालाही हे जमतं. बोट चेहऱ्याजवळ यायला लागलं की आठवण बाजूला आणि खोली पुढे: पंख्याला पाती किती, बाहेर कुठल्या गाडीचा हॉर्न वाजतोय, आज वार कोणता, तुमच्या हातातल्या मोबाइलवर तारीख काय, हा मोबाइल त्या काळात होता का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. मी स्टीलच्या पेल्यात गार पाणी जवळ ठेवते. गार धातू तळहाताला लागला की कित्येकजणी परत येतात.

आता भागांबद्दल. अकोल्याकडची एक क्लायंट माझ्याशी एरवी अगदी ऑफिसातली प्रमाण मराठी बोलायची. एकदा खालमानेने बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘मले भेव लागते.’ वर्षानुवर्षं तिच्या तोंडी न आलेली भाषा. अशा वेळी घाईने तिला ‘मोठी’ करू नका, आणि त्या छोटीशी एकटीच दोस्तीही करू नका. मी म्हणाले, ‘भेव लागते, बरोबर आहे. मी ऐकतेय. आणि ती मोठी, नोकरी करणारी, तीही ऐकतेय का आतून?’ बराच वेळ गेला. मग मान हलली. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं: मोठीने छोटीला आजची खोली दाखवली. तिच्या मनातल्या मनात, हात धरून. दार कुठे आहे, कडी आतून आहे, मामा इथे येत नाही. ईएमडीआर म्हणावं तर फक्त शेवटी, ‘आता मी एकटी नाही’ यावर पाच-सहा थापा. माझ्या लेखी ते त्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं सेशन होतं.

आणि ब्लेड चालवणारा भाग. त्याला शत्रू समजाल तर हराल. तुमच्या सेशनमध्ये त्याला न विचारता त्याने जपलेलं दार उघडलं गेलं, आणि त्याने त्याच्या पद्धतीने दार लावलं. लहानपणी ‘सांगितलंस तर बघ’ ही धमकी ज्याने लक्षात ठेवली तोच हा. पुढच्या वेळी तिला म्हणा, ‘तुझ्या आत ज्याला वाटतंय हे बोलू नये, त्याचं म्हणणं मला ऐकायचंय. त्याने तुला इतकी वर्षं वाचवलंय.’ मग विचारा, तो किती वर्षांचा आहे, आज कोणतं साल आहे असं त्याला वाटतं. बहुधा तो अजून त्या जुन्या घरातच असतो. कोणत्याही आठवणीला हात लावण्याआधी आतून कोणाचा विरोध आहे का हे दर वेळी विचारायचं, आणि विरोध असेल तर त्या दिवशी आठवण नाही. भागांना तुम्ही मात्र नावं देऊ नका, नसलेले भाग शोधू नका. तिने जे शब्द वापरले तेवढेच वापरा.

तयारी किती दिवस? यावर जाणकारांत खरा वाद आहे. पिएर जाने यांच्यापासून जुडिथ हर्मन यांच्यापर्यंत आधी स्थिरता, मग आठवणी, मग आयुष्याची घडी, अशी तीन टप्प्यांची परंपरा आहे. आद दे योंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रश्न उभा केला, की या लांबलचक तयारीची गरज पुराव्याने सिद्ध झाली आहे का? उगाच थांबवून आपण लोकांना उपचारापासून दूर ठेवतो का? मला त्यांच्या म्हणण्यात तथ्य दिसतं. थेरपिस्टला भीती वाटते म्हणून वर्ष-वर्ष ‘शांत जागा’ करत बसलेले लोक मी पाहिले आहेत. पण ज्यांचे दिवस कोरे जातात त्यांच्या बाबतीत मी जुन्याच वाटेने जाते. फक्त महिने मोजत नाही, तीन गोष्टी बघते: हरवल्यावर तिला काही मिनिटांत परत येता येतं का, आतला कडक भाग निदान बघायला तयार आहे का, आणि गेल्या काही आठवड्यांत ती घरी सुखरूप राहिली का.

आठवणींवर काम सुरू झालं की सगळ्यात वाईट आठवण पहिली घ्यायची नाही. मी उलटीकडून जाते. आधी पुढच्या आठवड्यातली एखादी अडचण, मग आजचे ट्रिगर (जुनी आठवण चाळवणाऱ्या गोष्टी), भूतकाळ सगळ्यात शेवटी, तोही चिमटीएवढा. पूर्ण प्रसंग नाही. फक्त दाराच्या कडीचा आवाज. किंवा दोलोरेस मोस्केरा आणि अनाबेल गोन्झालेझ या थेरपिस्ट करतात तसं, प्रसंग बाजूलाच ठेवून फक्त आत्ता घशात जाणवणारा आवंढा, तेवढ्यावर एक छोटा सेट. नेहमीच्या वीस-पंचवीस फेऱ्यांऐवजी सहा-आठ. प्रत्येक सेटनंतर मन जिकडे वाहील तिकडे जाऊ देण्याऐवजी परत त्याच ठिपक्यावर यायचं, म्हणजे एका आठवणीच्या दोऱ्याने दहा आठवणी ओढल्या जात नाहीत. आणखी नाजूक असेल तर नाइप यांची दुसरी रीत: थापा आठवणीवर देतच नाहीत, ‘मी आज इथे आहे’ यावर देतात. मग आठवणीकडे मोजून पाच सेकंद बघायचं, मी मोठ्याने आकडे म्हणते, पाच झाले की परत, बोटाने दाखवा कुठे आहात, पुन्हा ‘इथे’वर थापा. बघणाऱ्याला वाटेल काहीच घडत नाही. पण जिला आयुष्यभर आठवण हवी तेव्हा गाठत होती, ती पहिल्यांदा स्वतः जाऊन स्वतः परत आलेली असते.

त्रास शून्यावर आणि चांगल्या विचारावरचा विश्वास सातपैकी सातावर नेण्याचा हट्ट सोडा. त्रास आठवरून सहावर आला तर त्या दिवसासाठी ते पुष्कळ आहे. लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये शेवटचं शरीर तपासणं सरसकट करू नका. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष नेणं हाच काहींना हल्ला वाटतो. हात आणि पाय यांच्यापुरतं पुरे. शेवटची वीस मिनिटं आठवणीला द्यायची नाहीत. जिना उतरण्याआधी तिने घरचा पत्ता सांगावा, हा माझा नेम आहे.

भाषेचं एक सांगते. पुस्तकी भाषांतरं चालत नाहीत. ‘मी सुरक्षित आहे’ असं आपल्याकडे कोणी मनाशी म्हणत नाही. म्हणतात, ‘आता मला कोणी काही करू शकत नाही’, ‘ते संपलं’. तसंच ‘मी मूल्यहीन आहे’ नव्हे, तर ‘मी घाण आहे’, ‘मी होते म्हणूनच झालं’. तिचंच वाक्य घ्या, व्याकरण न सुधारता.

आणि कॅलेंडर बघा. आपल्याकडे अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा अजून कुटुंबात असतो. दिवाळीत, लग्नात त्याच्या पाया पडावं लागतं. अशा कार्याच्या आधी मी कुठलीही जुनी आठवण उघडत नाही. त्याऐवजी कार्यात कुठे बसायचं, कोणाच्या जवळ उभं राहायचं, पाया पडायची वेळ आली तर काय सांगून सटकायचं, याची तालीम करतो, आणि त्या तालमीवर थापा. त्या घरात आज लहान मुलं असतील आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे क्लायंटला सुरुवातीलाच सांगून ठेवा. कोर्टात केस चालू असेल तर आठवणीवर काम करण्याआधी तिने वकिलांशी बोलावं, कारण या कामाने आठवणीची धार आणि चित्र बदलू शकतं. आणि हरवलेल्या आठवणी शोधून काढण्यासाठी ईएमडीआर कधीच वापरू नका.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आठवणींवरचं काम आत्ता थांबवा, तिला सोडू नका. डिसोसिएशनचा अनुभव असलेल्या सुपरव्हायझरकडे ही केस न्या. पुढच्या सेशनला डोळे हलवणं नको. तिला सांगा की मागच्या वेळी तुम्ही घाई केलीत, तिचं काही चुकलं नाही. मग तो दीड दिवस एकत्र जोडायचा प्रयत्न करा, फोनमधले मेसेज, चहाचं बिल, काय सापडेल ते बघून. सापडत नसेल तर राहू द्या. घरातली ब्लेडं कोणाकडे ठेवायची, रात्री कोणाला फोन करायचा, तोही नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, हे तिच्या अक्षरात कागदावर येऊ दे. उरलेल्या वेळात बोटाची मोजपट्टी शिकवा. जाताना तिला बोटाने दाखवायला सांगा, आणि बोट पुढे आल्याशिवाय दार उघडू नका.